वॉकीटॉकी मागवताय? आधी हॅम व्हा!

जुलै २०२५ मधली गोष्ट आठवतेय? ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात होते आणि तिथून त्यांनी शिलाँगजवळच्या अवकाश केंद्रात जमलेल्या शाळकरी मुलांशी गप्पा मारल्या. आपण सगळ्यांनी त्याचे रील्स पाहिले, शेअर केले. पण हा संवाद कशावरून झाला, हे फार थोड्यांनी वाचलं. तो व्हिडिओ कॉल नव्हता आणि सॅटेलाइट फोनही नव्हता. तो हॅम रेडिओ होता. म्हणजे हौशी लोकांचा, परवाना काढून घरच्या गच्चीवर अँटेना लावून वापरायचा बिनतारी रेडिओ.

याच्या दोनच महिने आधी, मे २०२५ मध्ये, रेडिओ एका वेगळ्याच कारणाने बातमीत होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. या साइट्सवर वॉकीटॉकी सर्रास विकले जात होते, पण ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, त्यांना परवाना लागतो का, सरकारी मान्यता आहे का, यातलं काहीच धड लिहिलेलं नव्हतं. त्याच महिन्याच्या शेवटी अशा विक्रीसाठी स्वतंत्र मार्गदर्शक नियमही आले.

एकच रेडिओ. एकदा कौतुकाची बातमी, एकदा कारवाईची. या दोन बातम्यांच्या मधोमध तुम्ही-आम्ही उभे आहोत. कारण ट्रेकला जाणारे ग्रुप, फेस्टचे व्हॉलंटिअर्स, ड्रोन आणि रोबोटिक्सवाले, सगळ्यांच्या विशलिस्टमध्ये हल्ली एखादा हँडसेट असतोच. त्यातही नवी क्रेझ आहे ती डिजिटल सेटची. त्याला म्हणतात डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ. ‘हातातल्या छोट्या सेटवरून अमेरिकेतल्या माणसाशी बोला’ असा त्याचा दावा असतो. दावा खरा आहे. पण तो कसा खरा होतो हे समजून घेतलं, तर सेट घ्यावा की नाही, कधी घ्यावा आणि त्याच्याकडून नेमकी काय अपेक्षा ठेवावी, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी कायद्याचा सीन समजून घ्या

आपल्या देशात वॉकीटॉकीसारख्या दिसणाऱ्या वस्तूंचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात कमी ताकदीवर चालणारे सेट. त्यांना वापरणाऱ्याचा परवाना लागत नाही, मात्र सेटला सरकारी मान्यता हवी. ट्रेकला पुढच्या आणि मागच्या लीडरने एकमेकांशी बोलायचं एवढंच काम असेल, तर हा प्रकार पुरेसा आहे. दुसरा, कारखाने, सिक्युरिटी एजन्सी, हॉटेल्स यांचे सेट. त्यांना संस्थेच्या नावावर परवाना आणि ठरवून दिलेली फ्रिक्वेन्सी लागते. तिसरा, हॅमचे सेट. इथे परवाना माणसाला मिळतो, तोही परीक्षा पास झाल्यावर.

गोंधळ होतो तो इथे. ऑनलाइन मिळणारा एखादा स्वस्त हँडसेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ एवढ्या सगळ्या पट्ट्यांत बोलू शकतो. त्यातला हॅमसाठी आपल्याकडे मोकळा असलेला भाग किती? १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. बाकीच्या जागेत पोलिस आहेत, जहाजं आहेत, सरकारी खाती आहेत, खासगी कंपन्या आहेत. सेट बोलू शकतो म्हणजे तुम्हाला बोलायची परवानगी आहे, असं नाही. बाइक दीडशेच्या स्पीडने पळू शकते म्हणून आपण एफसी रोडवर ती तशी पळवत नाही ना, तसंच. आणि इथे नुसतं बोलणंच नाही, असा सेट विनापरवाना बाळगणंसुद्धा कायद्यात बसत नाही.

‘पण साइटवर तर खुलेआम मिळतोय!’ हे उत्तर पोलिस स्टेशनात चालत नाही. नोटिसा कंपन्यांना आल्या, हे बरंच झालं. पण पार्सल तुमच्या नावावर आलेलं असतं, हे विसरू नका.

मग डीएमआर म्हणजे काय?

साध्या, म्हणजे अ‍ॅनालॉग एफएम सेटमध्ये तुमचा आवाज जसाच्या तसा रेडिओ लहरीवर स्वार होतो. डीएमआरमध्ये आवाजाचं आधी आकड्यांत रूपांतर होतं, ते आकडे दाबून-दाबून छोटे केले जातात आणि मग हवेत सोडले जातात. युरोपातल्या ‘एत्सी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये हे मानक पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ते मुळात हॅमसाठी नव्हतंच. टॅक्सी कंपन्या, कारखाने, बांधकामाच्या साइट्स अशा व्यावसायिक वापरासाठी ते तयार झालं. हॅम लोकांनी नंतर ते आपलंसं केलं. म्हणूनच डीएमआर सेटचे मेन्यू पहिल्यांदा बघितल्यावर हौशी माणसाचं डोकं गरगरतं.

यातली खरी गंमत आहे वेळेच्या वाटणीत. १२.५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एकाच चॅनेलवर डीएमआरमध्ये दोन वेगळी संभाषणं चालू शकतात. कसं? वेळेचे ३०-३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे. एक तुकडा पहिल्या जोडीला, पुढचा दुसऱ्या जोडीला, मग पुन्हा पहिल्या जोडीला. कँटीनमध्ये एकाच बाकावर दोन ग्रुप अर्धा-अर्धा तास आलटून पालटून बसतात ना, तसं. फक्त इथे ही अदलाबदल इतकी झपाट्याने होते की कानाला कळतच नाही. या तुकड्यांना टाइमस्लॉट म्हणतात. रिपीटरवर बोलताना तुमचा सेट अर्धाच वेळ लहरी सोडत असल्यामुळे बॅटरीही जास्त टिकते.

आवाजाचाही फरक आहे. अ‍ॅनालॉगवर माणूस लांब गेला की खरखर वाढत जाते, पण शब्द बराच वेळ कळत राहतात. डीएमआरवर आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि एका क्षणी रोबोटसारखा तुटतो, मग गायबच होतो. मध्ये काही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

जगाशी बोलण्याची जादू कुठून येते?

हातातल्या पाच वॉटच्या सेटचा आवाज सरळ रेषेत, डोळ्याला दिसेल साधारण तिथवर जातो. कळसूबाईच्या माथ्यावरून खूप लांब जाईल, पण दादरच्या चाळीतून पुढच्या दोन-चार इमारतींत अडकेल. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो तुमचा क्षीण आवाज ऐकतो आणि जोरात पुन्हा सोडतो.

डीएमआरमध्ये हे रिपीटर इंटरनेटने एकमेकांना जोडता येतात. ‘ब्रँडमायस्टर’ हे असंच एक जगभर पसरलेलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं जाळं. त्यावर टॉकग्रुप असतात, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसारखे कट्टे. भारताचा कट्टा आहे ४०४ नंबरचा. हा नंबर ओळखीचा वाटला का? मोबाइल नेटवर्कच्या दुनियेत भारताचा देश-क्रमांक ४०४ आहे. तोच इथे घेतला. ९१ हा टॉकग्रुप अख्ख्या जगाचा. तो आपल्या फोनच्या +९१ चा नाही बरं का, नुसता योगायोग!

आणि तुमच्या गावात डीएमआर रिपीटरच नसेल तर? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो नसतोच. मग येतो हॉटस्पॉट. मोबाइलचा नाही, रेडिओचा. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा, आत रास्पबेरी पाय नावाचा पिटुकला कॉम्प्युटर आणि त्यावर एक रेडिओ मोडेम. तो घरच्या वायफायला जोडला जातो. तुमचा सेट त्या डब्याशी बोलतो, डबा इंटरनेटवरून सर्व्हरशी, आणि सर्व्हर बाकीच्या जगाशी. म्हणजे नाशिकच्या हॉस्टेल रूममधून टोकियोशी झालेल्या गप्पांत खरा ‘रेडिओ’ किती? टेबलापासून कपाटापर्यंत. उरलेला सगळा प्रवास केबलमधून.

सुरुवात करायची कशी?

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण आधी सेट घेतात आणि मग परवान्याचं बघू म्हणतात. नेमकं उलटं करा.

पहिली पायरी, ऐका. त्यासाठी सेट लागत नाही. ब्रँडमायस्टरवरचे टॉकग्रुप ‘होजलाइन’ नावाच्या सुविधेतून ब्राउझरमध्ये ऐकता येतात. ४०४ लावा आणि संध्याकाळी अभ्यास करताना मागे चालू ठेवा. कोण कसं बोलतं, स्वतःची ओळख कशी देतं, दुसऱ्याला बोलायला मध्ये जागा कशी सोडतं, हे कानावर पडू दे. आठवड्याभरात कळेल की हे प्रकरण आपल्याला आवडतंय की नाही. नाही आवडलं तर एक रुपयाही गेलेला नसेल.

दुसरी पायरी, परीक्षा. हॅमचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवरून करायचा. किमान वय १२ वर्षं, त्यामुळे तुम्हाला वयाची अडचण नाही. परवाने दोन प्रकारचे. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला वस्तुनिष्ठ प्रश्नांची लेखी परीक्षा असते, एक भाग रेडिओच्या तांत्रिक ज्ञानाचा आणि एक नियमांचा. जनरल ग्रेडला त्याच्या जोडीला मोर्स कोड, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने. डीएमआरसाठी लागणारे दोन्ही पट्टे रिस्ट्रिक्टेड ग्रेडवरही मिळतात, त्यामुळे सुरुवातीला मोर्सच्या धास्तीने मागे हटायचं कारण नाही. परवाना शुल्क २० वर्षांसाठी १,००० रुपये आणि आजीवन २,००० रुपये. वर्षाच्या हिशेबाने बघितलं तर महिन्याच्या रिचार्जपेक्षाही स्वस्त!

बारावी सायन्सचं फिजिक्स झालेल्यांना तांत्रिक भाग सोपा जाईल. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनो, तुम्हीही घाबरू नका. मी स्वतः मास कॉमची. ओहमचा नियम, तरंगलांबी, अँटेना, मॉड्युलेशन एवढं नीट समजून घेतलं की गाडी पुढे सरकते. नियमांचा भाग तर निव्वळ वाचनाचा आहे.

तिसरी पायरी, वाट बघणं. पास झाल्यावर तुमची पडताळणी होते आणि मग परवाना येतो. याला वेळ लागतो, आणि हाच सगळ्यात चिवट टप्पा आहे. त्यावर पुढे बोलूच. परवाना आला की कॉलसाइन मिळतं. रिस्ट्रिक्टेडवाल्यांचं व्हीयू३ ने सुरू होतं, जनरलवाल्यांचं व्हीयू२ ने. हे जगात फक्त तुमचं. राजीव गांधींचं होतं व्हीयू२आरजी. पंतप्रधान असो की एसवाय बीए, हवेत दोघांची ओळख सारखीच.

चौथी पायरी, डीएमआर आयडी. कॉलसाइन मिळाल्यावर परवान्याची प्रत देऊन हा सात आकडी नंबर ऑनलाइन मोफत घ्यायचा. भारतीय हॅमचा नंबर ४०४ ने सुरू होतो. सेटमध्ये हा नंबर भरला की बोलताना समोरच्याच्या स्क्रीनवर तुमची ओळख दिसते. दुसऱ्याचा नंबर टाकून बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ओळखपत्रावर परीक्षेला बसणं.

पाचवी पायरी, सेट आणि कोडप्लग. सेट घेताना फक्त ‘डिजिटल’ लिहिलंय म्हणून घेऊ नका. डीएमआर टियर टू लिहिलंय का, सरकारी मान्यता आहे का, बिल मिळतंय का, हे बघा. आणि अ‍ॅनालॉगही चालणारा घ्या, म्हणजे जवळपासचे साधे रिपीटरही वापरता येतील. मग येतो कोडप्लग, म्हणजे सेटमध्ये कॉम्प्युटरवरून भरायची सेटिंग्जची फाइल. प्रत्येक चॅनेलला चार गोष्टी लागतात. फ्रिक्वेन्सी, टाइमस्लॉट, टॉकग्रुप आणि कलर कोड. कलर कोड म्हणजे ० ते १५ मधला एक आकडा. तो रिपीटरशी जुळला तरच दार उघडतं. चारातली एक गोष्ट चुकली की सेट ढिम्म! नव्याण्णव टक्के ‘माझा सेट खराब निघाला’ या तक्रारींचं मूळ इथेच सापडेल. तयार कोडप्लग कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा दोन चॅनेलचा छोटा कोडप्लग स्वतः बनवा. तासभर डोकं खाईल, पण मग कायमचं कळेल.

हॉटस्पॉट घेतलात तर त्याची फ्रिक्वेन्सी नक्की बघा. बाहेरून आलेले डबे बऱ्याचदा आपल्या पट्ट्याबाहेरच्या फ्रिक्वेन्सीवर सेट केलेले असतात. आपल्याकडे ४३४ ते ४३८ एवढीच जागा आहे, आणि त्यातली ४३५ ते ४३८ जगभर उपग्रहांसाठी राखलेली असते. म्हणजे हॉटस्पॉटसाठी ४३४ ते ४३५ मधलीच जागा बरी. आणि तो लावण्याआधी तुमच्या परवान्याच्या अटी वाचा, जवळच्या अनुभवी हॅमला विचारा.

सगळं जुळलं की पहिला शब्द जगाशी बोलू नका. ९९९० या नंबरवर ‘पॅरट’ आहे, म्हणजे पोपट. तुम्ही जे बोलाल ते तो तुम्हालाच परत ऐकवतो. आवाज ठीक येतोय ना, हे कळलं की मग ४०४ वर जा.

आणि काही पथ्यं. इथे धंदा, जाहिरात, गाणी, प्रचार चालत नाही. पॉडकास्टही नाही. हॅम म्हणजे प्रसारण नव्हे, दोन परवानाधारकांमधला संवाद आहे. तो कुणीही ऐकू शकतं आणि ऐकता यायलाच हवा. बऱ्याच डीएमआर सेटमध्ये एन्क्रिप्शनचं बटण असतं, कारण ते व्यावसायिक वापरासाठी बनलेत. हॅमच्या पट्ट्यात ते बटण विसरून जायचं. आपलं बोलणं लपवण्यासाठी कोड वापरणं हौशी रेडिओच्या मूळ तत्त्वातच बसत नाही.

आता अडचणीचा प्रश्न

हॅम रेडिओची ओळख करून देताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘सगळी नेटवर्क बंद पडली की हॅम कामाला येतो.’ हे खरं आहे. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात हॅम मंडळी आधीपासून आपल्या रेडिओ मोहिमेवर होती आणि त्यांच्या सेट्सनी मुख्य भूमीशी संपर्क ठेवला. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, तेव्हा कलपेट्टा इथून हॅम ऑपरेटर्स मदतकार्यातले निरोप पोचवत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा डोंगराळ भाग तोडून टाकला, तेव्हा माउंट मिचेल शिखरावरचा हॅम रिपीटर तिथल्या लोकांचा आधार झाला.

पण यात हॉटस्पॉट कुठे आहे? कुठेच नाही. असू शकतच नाही. वीज गेली की वायफाय गेलं, टॉवर गेला की मोबाइल डेटा गेला, आणि डेटा गेला की तुमच्या टेबलावरचा डबा म्हणजे नुसती काड्यापेटी. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालमध्ये एका दुपारी अख्ख्या देशांची वीज गेली. थोड्या वेळात मोबाइल नेटवर्कनेही मान टाकली आणि लोक बॅटरीवर चालणारे साधे रेडिओ शोधत फिरत होते.

हे युरोपात घडतं असं समजू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा मुंबई-पुण्यात असलेली चिपळूणची मुलं आई-बाबांचा फोन लागावा म्हणून रात्रभर जागी होती. तुमच्यापैकी काही जण त्यातलेच असतील. त्या रात्री कुणाच्याही हॉटस्पॉटचा काही उपयोग झाला नसता.

मग डीएमआर निरुपयोगी आहे का? नाही. दोष तंत्राचा नाही, वापराचा आहे. डीएमआरला इंटरनेट लागतच नाही. दोन सेट थेट एकमेकांशी बोलू शकतात. डोंगरावरचा रिपीटर बॅटरी आणि सोलरवर असेल, तर नेट गेलं तरी तो आपल्या टापूतल्या लोकांना जोडून ठेवतो, आणि तेही एका चॅनेलवर दोन संभाषणं चालवून. इंटरनेट लागतं ते फक्त टोकियोसाठी. चिपळूणहून खेडला बोलायला ते लागत नाही. अडचण अशी, की हॉटस्पॉट विकत मिळतो आणि रिपीटर मिळून उभारावा लागतो. त्यासाठी परवानगी, जागा, पैसे, देखभाल आणि माणसं लागतात. प्रत्येकाने आपापल्या खोलीत एकेक डबा लावला, तर ‘इंडिया’ टॉकग्रुप गजबजेल, पण डोंगर रिकामाच राहील. मला या सगळ्या डिजिटल उत्साहातला खरा धोका हाच वाटतो.

दुसरा आक्षेपही समजून घेण्यासारखा आहे. डीएमआर हे खुलं मानक असलं, तरी हॅम सेटमध्ये आवाज दाबण्यासाठी वापरलं जाणारं तंत्र एका अमेरिकन कंपनीच्या मालकीचं आहे. ते आतून कसं चालतं हे उघडून बघायची, त्यात बदल करायची मोकळीक नाही. आणि हॅम रेडिओचा तर जन्मच उघडून बघण्यातून झाला. याला उत्तर म्हणून पोलंडमधल्या एका हॅमने २०१९ मध्ये ‘एम१७’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात सगळंच मुक्त आहे. आज त्यावर चालणारे सेट मोजकेच आहेत, पण इंजिनिअरिंगवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर इथे बघा.

सरकारने काय करावं, कॉलेजांनी काय करावं?

बेकायदा विक्रीवर कारवाई झाली, ती योग्यच. चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा एक सेट पोलिस किंवा बचाव पथकाच्या कामात अडथळा आणू शकतो. पण फक्त चुकीचं दार बंद करून भागत नाही, बरोबर दार उघडंही हवं. सेट दोन दिवसांत घरपोच येतो, आणि परीक्षेची तारीख, पडताळणी, परवाना या सगळ्याला महिनोन् महिने जातात. दुसऱ्या वर्षाला अर्ज केलेल्या विद्यार्थ्याच्या हातात कॉलसाइन येईपर्यंत तो कॉलेजातून बाहेर पडलेला असतो. हे अंतर जेवढं मोठं, तेवढा शॉर्टकटचा मोह मोठा. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा मंजूर केला, १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा मागे टाकायचं ठरवलं. मग हॅम परवान्यालाही ठराविक मुदतीचं बंधन घालायला काय हरकत आहे? इतक्या दिवसांत परीक्षा, इतक्या दिवसांत निकाल, इतक्या दिवसांत परवाना. पासपोर्टला जमतं, तर इथेही जमेल.

कॉलेजांचं काय? एनएसएस आहे, एनसीसी आहे, आपत्ती व्यवस्थापनाची व्याख्यानं आहेत. त्यात दहा परवानाधारक विद्यार्थी, गच्चीवर एक अँटेना आणि एक जुनी कार बॅटरी एवढं जोडलं, तर तो तालुक्याच्या उपयोगाचा क्लब होतो. कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या कॉलेजांसाठी तर ही हौस नाही, गरज आहे. अमेरिकेत हॅम परवाने सात लाखांहून जास्त आहेत. आपल्याकडे लोकसंख्या चौपट, आणि परवाने मात्र अजून हजारांतच मोजावे लागतात.

तेव्हा डीएमआर जरूर शिका. ४०४ वर या, पॅरटशी बोला, टोकियोलाही हाक मारा, मजा येते. पण त्याच सेटवर जवळच्या अ‍ॅनालॉग रिपीटरची एक मेमरी ठेवा आणि थेट बोलण्याचा एक चॅनेलही. महिन्यातून एकदा मित्राला सांगा, आज वायफाय बंद, बघू आपला आवाज कुठवर पोचतो. ज्या दिवशी पूर येईल, त्या दिवशी तेवढंच अंतर मोजलं जाणार आहे.

आणि हो, कार्टमध्ये ठेवलेला तो हँडसेट आज राहू दे तिथेच. आधी सरल संचार उघडा.